आधी पाय मोजणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

तुमचं नाव आणि गल्ली कुठे लिहायची नाही, असं तुम्ही बजावलं होतंत. दोन्ही वगळते. पण आभार मात्र चारचौघांत मानणार, कारण आजवरचे नकारही मला चारचौघांतच मिळाले. कधी काउंटरसमोर, कधी गाड्यांच्या रांगेत, कधी माझ्याहून लहान पोरांच्या देखत. नात हे वाचून दाखवील तेव्हा मधेच "पुरे" म्हणू नका. शेवटपर्यंत ऐका.

माझी मागणी काय होती, ते वाचणाऱ्यांना आधी सांगते. उतारावर वळणाच्या अलीकडे ब्रेक दाबलेला असतो आणि त्याच वेळी गिअर तिसऱ्यातून दुसऱ्यात आणायचा असतो. तिसऱ्याचं गुणोत्तर साधारण 1.3 आणि दुसऱ्याचं 1.9 धरलं, तर तिसऱ्यात 2500 आरपीएमवर फिरणाऱ्या इंजिनाला त्याच वेगाला दुसऱ्यात 3700च्या आसपास फिरावं लागतं. हा फरक कुणीतरी भरून काढायलाच हवा. क्लच सोडण्याआधी चालवणाऱ्याने रेस देऊन इंजिन वर आणलं, तर गाडी अलगद दुसऱ्यात बसते. नाही आणलं, तर क्लच इंजिनाला फरफटत वर नेतो आणि हिसका बसतो. माझ्या मारुती झेनमध्ये इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, म्हणजे तो हिसकाही वळणाऱ्या चाकांनाच लागतो. रस्ता ओला असेल तर तेवढ्याने पकड सुटू शकते. डावा पाय क्लचवर अडकलेला, तेव्हा उजव्यानेच ब्रेक धरायचा आणि उजव्यानेच रेस द्यायची. याला हील-अँड-टो म्हणतात. फॉर्म्युला वनचा सेन्ना साधे लोफर घालून जपानमधल्या सुझुकाच्या ट्रॅकवर होंडा एनएसएक्स ही स्पोर्ट्स कार चालवत होता, तेव्हाची त्याच्या पायांची हालचाल पाहिली आणि हे आपल्याला आलंच पाहिजे, असं मनाने घेतलं.

पण नुसती हौस नव्हती ती. सासर खंडव्याचं. इंदूरहून निघालं की घाटरस्ता: सिमरोल, चोरल, भेरूघाट, मग बडवाह आणि मोरटक्क्याला नर्मदेचा पूल. पुढे भरलेला ट्रक, मागे हॉर्न वाजवणारी बस, गाडीत सासूबाई. तिथे खालचा गिअर वेळेवर आणि बिनहिसक्याचा पडणं ही चैन नाही.

माझी उंची 4 फूट 11 इंच. चप्पल 3 नंबरची. टाच जमिनीवर टेकवली की चवडा ब्रेकच्या मध्यापर्यंत कसाबसा पोचतो, आणि पायाची बाहेरची कड रेसपर्यंत जातच नाही. गाडीत काही खोट नव्हती. गाड्या सरासरी पायासाठी बनतात आणि माझा पाय सरासरी नाही, एवढंच. सर्व्हिस सेंटरमध्ये हे समजावून सांगितलं, तर जॉब कार्डावर "तक्रार आढळली नाही" असं लिहून मिळालं. ॲक्सेसरीच्या दुकानात चकचकीत ॲल्युमिनियमची कव्हरं तिन्ही पेडलांवर चढवली गेली. ब्रेकही तेवढाच वर आला आणि रेसही तेवढीच, म्हणजे दोघांमधली उंची-खोली होती तशीच राहिली. वर पावसात पाय घसरायला लागला तो वेगळा. गाडी चालवायला शिकवणारे एक गृहस्थ तर शिष्यांसमोर म्हणाले, "मॅडम, हे बायकांच्या पायाचं काम नाही." त्यांनी माझा पाय पाहिलासुद्धा नव्हता.

आणि ते एक नावाजलेलं गॅरेज. रेसचं पेडल वर आणण्याऐवजी त्यांनी ब्रेकचंच खाली नेलं. पेडलचा दाब पुढे ढकलणारा पुशरॉड आखूड करून दिला आणि म्हणाले, आता दोन्ही पेडल एका पातळीत आले. आले खरे! पण ब्रेकचा पहिला इंचभर प्रवास पोकळ झाला. दाबावं आणि काहीच होऊ नये. तुम्ही ते पाहिलंत तेव्हा तुमचा चेहरा उतरला होता, काका. तुम्ही त्या गॅरेजला शिवी दिली नाहीत. "हे आधी पूर्ववत करू, बाकीचं मग," एवढंच म्हणालात आणि पाना हातात घेतलात. रॉड प्रमाणाबाहेर लांब केला तर ब्रेक चाकांना घासत राहतो, आखूड केला तर वेळेवर लागत नाही. ही जागा कुणाच्या सोयीसाठी हलवायची नसते, हेही तेव्हाच सांगितलंत. मला हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं. पैसे मात्र सगळ्यांनी घेतले होते.

पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक आहे. इथून जेमतेम तासाभरावर गाड्यांच्या चाचण्या होतात, आणि माझ्या पायाला पेडल बसवून देईल असा माणूस सबंध इंदुरात मिळू नये, याचा मला खरोखर राग आला होता. तो राग घेऊनच मी तुमच्याकडे आले होते. बोलण्यात तो उतरलाही असेल.

तुम्ही बॉनेट उघडलं नाही. दरवाजा उघडून आत वाकलाही नाहीत. मला स्टुलावर बसवलंत, कुठल्याशा फिल्टरचं रिकामं खोकं फाडून पुठ्ठा जमिनीवर अंथरलात आणि म्हणालात, "ताई, चप्पल काढा. आधी पाय बघू."

मी पाय मागे घेतला. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस गुडघे टेकून माझ्या पायाशी बसतो आहे, पाना धुणारी मुलं बघताहेत, मला कसंतरीच झालं. "अहो काका, तुम्ही नका, मीच काढते रेघ," असं म्हटलं, तर तुम्ही वर न बघता म्हणालात, "चपला शिवणारा पाय न मोजता चप्पल शिवतो का? मग आम्ही कसं काम करायचं?" आणि खडूने माझ्या पावलाभोवती रेघ ओढलीत. सावकाश. करंगळीपाशी थांबून खडू पुन्हा फिरवलात. टाचेच्या मध्यावर एक फुली, अंगठ्याखालच्या गादीवर दुसरी फुली. मग दोन्हींमधलं अंतर पट्टीने मोजून पुठ्ठ्यावरच लिहिलंत. खाली लिहिलंत, "उजवा".

काका, मला तिथे रडू येत होतं. तुम्हाला ते दिसलं असावं, कारण तुम्ही उगाचच एका मुलाला चहा आणायला पिटाळलंत. किती ठिकाणी गेले होते मी! प्रत्येकाने गाडी पाहिली, पेडल पाहिलं, माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. पाय कुणी पाहिला नव्हता. ज्या अवयवाने हे काम करायचं, तो कसा आहे, केवढा आहे, कुठे टेकतो, हे विचारायची गरजच कुणाला वाटली नव्हती. तुम्ही पुठ्ठ्यावर रेघ ओढलीत आणि माझी तक्रार पहिल्यांदा खरी ठरली.

पुढचं सगळं काम सांगत बसत नाही. ज्याला हवं असेल त्याने तुमच्यासारखा माणूस शोधावा. दोन-तीन गोष्टी मात्र लिहिते, कारण त्यांत तुमची काळजी दिसते. रेसच्या पेडलवर ब्रेककडे झुकणारी पट्टी बसवताना तुम्ही इंजिन चालू ठेवायला लावलंत. "समोर गाय आली असं समजून ब्रेक दाबा," म्हणालात. इंजिन बंद असताना दोन-चारदा ब्रेक दाबला की पेडल दगडासारखं कडक होतं आणि वरच राहतं. सर्वो, म्हणजे इंजिन चालू असताना ब्रेकला जोर देणारा भाग, काम करत असताना ते जिथवर खाली जातं तीच खरी जागा. तिथे आल्यावर रेसची पट्टी ब्रेकच्या किंचित खाली राहील, अशी उंची तुम्ही वायसर घालून-काढून ठरवलीत. किंचित खालीच का, तेही सांगितलंत: घाबरून पूर्ण जोराने ब्रेक मारला तर चुकूनसुद्धा रेस लागता कामा नये. मग पट्टी ब्रेकखाली अडकत नाही ना, मॅटला टेकत नाही ना, रेस पूर्ण दाबून सोडली की झटकन परत येते ना, हे मला स्वतःच्या हाताने तपासायला लावलंत. केबलमधली ढील काढलीत, कारण रेस उशिरा लागली तर सगळ्या कसरतीचा उपयोग काय. आणि टाचेखाली ती रबर चिकटवलेली फळी. तीही नुसती ठेवली नाहीत, बोल्टने जमिनीला कसून टाकलीत. पेडलांच्या आसपास सुटी वस्तू ठेवणं तुम्हाला पटणारच नव्हतं.

शिकवणं तर वेगळंच. तुम्ही तरुणपणी चालवलेल्या ट्रकांत सिंक्रोमेश, म्हणजे गिअरचे वेग आपोआप जुळवणारी रचना, नव्हता. डबल क्लच केल्याशिवाय, म्हणजे मधे न्यूट्रलमध्ये थांबून क्लच दोनदा दाबल्याशिवाय, गिअर पडायचाच नाही, पडला तर किंचाळून पडायचा. "सिंक्रोमेश आला, गिअर गुपचूप पडायला लागला, आणि लोकांना वाटलं आता रेसचं कामच संपलं," असं तुम्ही म्हणालात तेव्हा मला या सगळ्याचा गाभा कळला. सिंक्रोमेश गिअर बसवतो. इंजिन वर आणत नाही. ते चालवणाऱ्याकडेच राहतं.

तुम्ही मला लगेच ब्रेक आणि रेस एकत्र करू दिलं नाही. आधी सरळ, मोकळ्या रस्त्यावर नुसतं तिसऱ्यातून दुसरा, मधे क्लच दाबलेला असताना रेसचा एक हलका झटका. मग नुसता ब्रेक, गादीने, पेडलच्या उजव्या कडेवर, दाब जराही कमी-जास्त न करता. मग दोन्ही. तुम्ही शेजारी बसून मान सैल सोडली होतीत, डोळे मिटले होते. हिसका बसला की "हललं" म्हणायचात, नाही बसला की "नाही हललं". दुसरं काही नाही. ओरडणं नाही, स्टिअरिंगकडे हात नेणं नाही, "बायका" हा शब्द नाही. रेस देताना ब्रेकवरचा दाब सुटतो तेव्हाही तुमची मान पुढे-मागे व्हायची, आणि मला कळायचं की चूक रेसमध्ये नाही, ब्रेकमध्ये आहे. तुमच्या मानेएवढं स्वच्छ मला आजवर कुणीच शिकवलं नाही.

परवा खंडव्याला गेलो. भेरूघाटात पाऊस होता, रस्त्यावर चिखल वाहून आला होता, पुढे दोन ट्रॉले रांगत होते. त्या अवघड वळणाच्या अलीकडे मी ब्रेक दाबला, कड वळवली, इंजिन वर आलं, दुसरा पडला. सासूबाई मागच्या सीटवर झोपल्या होत्या. त्यांची झोप मोडली नाही. ते आरशात पाहिलं तेव्हा मनातल्या मनात तुम्हाला नमस्कार केला. हे पत्र खरं तर तिथेच सुरू झालं.

तुम्ही पैसे घेतलेत, त्याचंही मला बरं वाटलं. साहित्याचे वेगळे, हातमजुरी वेगळी, दोन्ही कागदावर लिहून. फुकट करून दिलं असतंत तर मी उपकाराखाली राहिले असते आणि पुन्हा यायला संकोचले असते. तुम्ही मला गिऱ्हाईक म्हणून मान दिलात. सज्जनपणा म्हटलं की लोकांना फुकट केलेली मदत आठवते. मला आता पुरतं पटलं आहे की तो त्याच्या कितीतरी आधी, समोरच्याचं नीट ऐकून घेण्यापासून सुरू होतो. म्हातारीचं दुसरं पाऊल पायरीवर पडेपर्यंत शिट्टी न वाजवणारा कंडक्टर, फॉर्म आपल्याकडे फिरवून प्रत्येक रकाना वाचून दाखवणारी बँकेतली मुलगी, औषधाची पट्टी देताना "हे जेवणानंतर" असं दोनदा सांगणारा दुकानदार. यांच्यापैकी कुणीही नेमून दिलेल्यापलीकडचं मोठं काही करत नाही. पण समोरचा माणूस त्यांना दिसतो. ज्यांना तो दिसत नाही, त्यांच्या दुकानाला काचा कितीही मोठ्या असोत, मी तिथे पाऊल ठेवणार नाही.

एक विचारायचं राहिलं. पट्टीचे बोल्ट महिन्याने तपासून घे म्हणाला होतात, त्यासाठी पुढच्या आठवड्यात येते आहे. बरोबर माझ्या मैत्रिणीची मुलगी असेल. तिला ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे आखलेल्या वळणावळणाच्या मार्गावर वेळ लावून होणाऱ्या गाड्यांच्या स्पर्धेत, उतरायचं आहे आणि तिलाही एका ठिकाणाहून "आधी उंची वाढव" असं ऐकून परत यावं लागलं. गाडी तिच्या वडिलांची आहे, नवी आहे, रेस इलेक्ट्रॉनिक आहे, केबल नाही. झटका दिला की इंजिन जरा उशिराने ऐकतं असं ती म्हणते. वडील गाडीत काही बदल करू द्यायला तयार नाहीत. तेव्हा पट्टी न लावता नुसती बैठक आणि पायाची जागा बदलून काय साधेल, एवढं तिला बघून सांगाल का? सकाळी लवकर येऊ, तुमच्याकडे गर्दी व्हायच्या आत. तुमच्यासाठी आणि मुलांसाठी पोहे-जिलबी घेऊन येते, नाही म्हणू नका.

काकूंना नमस्कार, नातीला आशीर्वाद.

आपली कृतज्ञ,
झेनवाली ताई
इंदूर