नाक चोंदले की धंदाही विचारा

महोदय,

तोंडाचा कर्करोग आणि तंबाखू यांवर आपल्या वृत्तपत्रात वरचेवर लेख येतात, ते यायलाच हवेत. नाक आणि सायनसच्या कर्करोगावर मात्र मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. आजार दुर्मीळ आहे हे खरे. डोके आणि मान या भागातल्या कर्करोगांत त्याचा वाटा जेमतेम ३ ते ५ टक्के. पण आम्हा सुतारांना त्यातला एक प्रकार इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त होतो. हे आमच्या घरात माझ्या काकांना झाल्यावर कळले.

वैद्यकशास्त्राला हे ठाऊक होऊन साठ वर्षे होत आली. इंग्लंडमधले हाय वायकम हे खुर्च्यांसाठी नावाजलेले गाव. तिथल्या नाक-कान-घशाच्या सर्जन एस्मी हॅडफिल्ड यांच्याकडे नाकाच्या एरवी क्वचित दिसणाऱ्या कर्करोगाचे रुग्ण येऊ लागले, आणि त्यांतले बरेचसे फर्निचर कारागीर निघाले. डोनाल्ड ॲचेसन आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि १९६८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ते प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी ब्रिटनने सुतारांच्या या आजाराला भरपाईस पात्र औद्योगिक आजार ठरवले. नंतर नॉर्दॅम्प्टनशायरच्या बूट कारागिरांतही तेच आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. त्याच गटात तंबाखूही आहे. कातड्याची धूळही आता तिथेच आहे.

ही धूळ म्हणजे रंध्याखाली पडणाऱ्या ढलप्या नव्हेत. सँडर आणि पॉलिश पेपरने जो पिठासारखा भुगा उडतो, तो. संध्याकाळी नाक शिंकरले की रुमालावर लाकडाचाच रंग उतरतो, सागाचा तपकिरी, शिसवीचा जवळजवळ काळा. हा भुगा नाकाच्या वरच्या भागात, दोन डोळ्यांच्या मधल्या एथमॉईड सायनसच्या आसपास साचतो. नाकातली धूळ बाहेर ढकलणारी बारीक केसांची यंत्रणा वर्षानुवर्षांच्या माऱ्याने मंदावते. आजार उगवतो तो तीस-चाळीस वर्षांनी, बहुधा माणसाने काम सोडल्यावर. म्हणून कोणी त्याचा संबंध लाकडाशी जोडत नाही.

काकांचे तसेच झाले. एकच नाकपुडी चोंदलेली, अधूनमधून रक्ताचा अंश असलेले पाणी, मग त्याच बाजूच्या डोळ्यातून सतत पाणी. कित्येक महिने सायनस, ॲलर्जी म्हणून गोळ्या आणि नाकात मारायचे स्प्रे चालू राहिले. “काका, तुम्ही काम काय करायचात?” एवढे एका डॉक्टरांनीही विचारले नाही. सर्दीने सहसा दोन्ही नाकपुड्या चोंदतात. एकाच बाजूचे नाक आठवडेच्या आठवडे बंद राहणे, त्यातून रक्त येणे, गाल बधिर होणे किंवा सुजणे, वरचे दात हलू लागणे, एकाचे दोन दिसणे, यांतले काहीही झाले तर दुर्बिणीने नाक तपासून घ्यावे आणि गरज पडल्यास सीटी स्कॅन, एमआरआय आणि बायोप्सी करावी. हे सांगायलाच हे पत्र लिहिले.

कारण उपचार आहेत. गाठ लवकर सापडली तर आता बऱ्याच वेळा चेहऱ्यावर चीर न देता नाकातूनच दुर्बिणीने शस्त्रक्रिया होते, त्यानंतर बहुधा किरणोपचार. डोळा आणि मेंदू अगदी लगत असल्याने किरण नेमके गाठीवर बसवावे लागतात. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरच्या केंद्रात आता प्रोटॉन उपचारही, म्हणजे गाठीवर अधिक नेमका मारा करणारे किरणोपचार, सुरू झाले आहेत. उशीर झाला की वरचा जबडा काढावा लागतो. काकांचा अर्धा काढला. टाळूला पडलेले भोक बुजवायला दंतविभागाने कवळीसारखी पट्टी करून दिली आहे. ती बसवल्याशिवाय पाण्याचा घोटसुद्धा नाकातून बाहेर येतो आणि त्यांचे बोलणे काकूखेरीज कोणाला समजत नाही. ते हिंडतात, फिरतात, नातवाला पाट करून देतात. पण सहा-आठ महिने आधी निदान झाले असते तर बरेच काही वाचले असते, असे मला ठामपणे वाटते.

केसपेपरवर नाव, वय, पत्ता यांच्याबरोबर धंदाही लिहून घ्यावा आणि पूर्वी काय करायचात तेही विचारावे, अशी डॉक्टरांना कळकळीची विनंती आहे. कारागीर भावांनो, कॉम्प्रेसरच्या हवेने अंगावरचा भुगा उडवू नका, कोरडा झाडू मारू नका. तोंडाला रुमाल बांधून हा भुगा अडत नाही, एन-९५ मास्क लावा.

युरोपीय संघात २०२३ पासून कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा घनमीटरला २ मिलिग्रॅम आहे. आपल्याकडे चार माणसांच्या वर्कशॉपात मोजायला कोण येणार? पण पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आहेत, त्यांना प्रशिक्षण मिळते आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदतही. त्या प्रशिक्षणात धुळीसाठी एक तास ठेवावा आणि सँडरसोबत भुगा खेचणारे यंत्र घेता येईल एवढी रक्कम वाढवावी, ही मागणी आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी.

— एक फर्निचर कारागीर, कुडाळ