त्याला आत घे

परळ, मुंबई
रविवार, रात्र

प्रिय माधुरी,

परवा फोनवर तू विचारलंस, "अगं, एका शब्दावरून तू त्या माणसाशी एवढं का भांडलीस?" मला धड उत्तर देता आलं नाही. शेजारी आई बसली होती. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय, म्हणून पत्र लिहायला बसले.

तो वॉर्डबॉय वाईट नव्हता गं. रात्रपाळी करून डोळे लाल झालेला साधा मुलगा. पहाटे पाचच्या सुमारास त्यानं विचारलं, "बॉडी कधी नेणार?" आणि मी त्याच्या अंगावर ओरडले, "बाबांना! बाबांना कधी नेणार, असं विचार!" तासाभरापूर्वी मी बाबांच्या तोंडात चमच्यानं पाणी घातलं होतं. तो बिचारा "सॉरी ताई" म्हणून निघून गेला. त्याची माफी मागायची राहिलीच.

मला लागलं ते नुसत्या ‘बॉडी’ शब्दानं नाही, असं आता वाटतं. शाळेतलं व्याकरण आठव. ‘मी पिशवी उचलली’, ‘मी डबा उचलला’: कर्मणी प्रयोग, क्रियापद वस्तूप्रमाणे बदलतं. पण ‘मी मुलीला उचललं’, ‘मी मुलाला उचललं’: भावे. एकदा ‘ला’ लागला की क्रियापद ‘उचललं’वर थांबतं, कुणासाठी बदलत नाही. परीक्षेसाठी आपण हे घोकलं. पण बोलताना ‘ला’ लावायचा की नाही, हे कोण ठरवतं? आपण तर विचारही करत नाही. समोर काहीतरी आहे की कुणीतरी आहे, याचा निवाडा मन आधीच करून टाकतं आणि जीभ त्याप्रमाणे वळते. बॉडी नेली. बाबांना नेलं. त्या पहाटे माझ्या मनाचा निवाडा झालेला नव्हता, आणि त्यानं तो माझ्यासमोर करून टाकला.

आणि हा निवाडा नुसता जीव असण्या-नसण्याचा नसतो. कोळीण आपल्यासमोर वळवळणारी चिंबोरी धरते, तरी आपण म्हणतो, ‘चिंबोरी तोडून घेतली’. तुझ्या वेळी दादरला कांदेपोहे झाले, तेव्हा ती मंडळी घरी जाऊन काय म्हणाली असतील? ‘मुलगी पाहिली.’ ‘मुलीला पाहिलं’ नाही. तू हाडामांसाची, समोर बसलेली, तरी ‘ला’ नाही. व्याकरणकार सांगतील की तिथे विशिष्ट व्यक्ती अभिप्रेत नसते, म्हणून प्रत्यय गळतो. बरोबरच आहे. पण मला नेमकं तेच टोचतं.

कलिनाला एम.ए.च्या वर्गात सरांनी दाखवलेली ती जुनी फिल्म आठवते? हायडर आणि सिमेल या दोघा मानसशास्त्रज्ञांनी 1944 साली केलेला प्रयोग. एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक छोटं वर्तुळ आणि दार असलेला एक चौकोन. ना डोळे, ना तोंड, ना आवाज, नुसत्या आकृत्या सरकतात. त्यांनी ती 34 जणांना दाखवून काय दिसलं ते लिहायला सांगितलं, तर फक्त एकानं ते भूमितीच्या भाषेत लिहिलं. बाकीच्यांना भांडण दिसलं, घाबरणं दिसलं, पळून जाणं दिसलं. आणि तू तर वर्गात मोठ्यानं म्हणालीस, "अरे, त्याला मारू नकोस ना!" कागदाच्या त्रिकोणाला तू ‘त्याला’ म्हणालीस, माधुरी. जिवंत वाटायला जीव लागत नाही. चालण्यात कुठे थांबणं, कुठे अचानक वळणं, कुणाच्या तरी मागे जाणं असलं की पुरे. बाळ आपटलं की आपण फरशीला चापट मारून "हात् रे!" म्हणतो आणि बाळ गप्प होतं, ते उगाच नाही.

गोष्ट सांगितली की मेंदूसुद्धा बाजू बदलतो. न्यूलंड आणि फान बेर्कुम या नेदरलंड्समधल्या संशोधकांनी 2006 साली लोकांना एका शेंगदाण्याची गोष्ट ऐकवली. शेंगदाणा नाचतो, गातो, त्याला एक बदाम भेटते. ऐकताना डोक्याला लावलेल्या तारांवर मेंदूतले विद्युत तरंग मोजले. गोष्टीच्या शेवटी ‘शेंगदाणा प्रेमात पडला होता’ हे मेंदूला सहज वाटलं आणि ‘शेंगदाणा खारवलेला होता’ हे खटकलं. आयुष्यभर खारे दाणे खाल्लेल्या माणसांना!

रशियन भाषेतला एक तपशील तर मी गेल्या महिन्यात कितीदा मनात घोळवला. तिथेही कर्म सजीव की निर्जीव यावर पुल्लिंगी नामाचं रूप बदलतं. प्रेताला ते ‘त्रूप’ म्हणतात, तो शब्द व्याकरणात निर्जीव. पण ‘मेर्त्वेत्स’, म्हणजे मेलेला माणूस, हा सजीव! एकाच खाटेवरचा एकच देह, आणि भाषेनं दोन्ही दारं उघडी ठेवलीत. ज्याला ज्यातून जायचं त्यानं जावं.

मग आपले गणपती आठवले. बाबा दरवर्षी लालबागच्या कारखान्यातून आणायचे. तिथे तो ‘मूर्ती’ असायचा: मूर्ती ठरवली, मूर्ती बुक केली. पाटावर ठेवून रुमालानं तोंड झाकलं की बाबांचा आवाज बदलायचा, "बाप्पाला सांभाळून धर." प्राणप्रतिष्ठा तर दुसऱ्या दिवशी! आणि विसर्जनाच्या वेळी उत्तरपूजा झाली, मूर्ती जागेवरून हलवली, की शास्त्राप्रमाणे देवत्व गेलेलं असतं. तरी दादर चौपाटीवरून परतताना बाबांनी कधी ‘मूर्ती बुडवली’ म्हटलेलं मला आठवत नाही. "बाप्पाला पोचवलं", असंच म्हणायचे आणि घरी येईपर्यंत फार बोलायचे नाहीत. शास्त्राची वेळ वेगळी, ‘ला’ची वेळ वेगळी.

आई बरी आहे. जेवते, पण बाबांच्या वेळेला, म्हणजे साडेसातला. त्यांचा रेडिओ अजून गॅलरीतच असतो. तो बिघडलाय, लागत नाही. आज संध्याकाळी आभाळ एकदम भरून आलं, मी कपडे काढत होते, आणि आतून आईची हाक आली, "अगं, त्याला आधी आत घे, भिजेल तो."

मी कपडे तसेच सोडले आणि त्याला आत घेतलं.

तुझी,
सुनंदा