मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पॉलिमरच्या पिस्तुलांना ‘प्लॅस्टिकची खेळणी’ ठरवणारे एका वाचकाचे पत्र आपल्या अंकात वाचले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रामुळे बेळगाव परिसरात गल्लीगणिक एखादा माजी सैनिक भेटतो आणि आमच्या पिढीच्या मनात पिस्तूल म्हणजे ईशापूरच्या कारखान्यात बनलेले, ब्राउनिंग हाय-पॉवरच्या धर्तीचे ९ मिलिमीटरचे पोलादी हत्यार हेच चित्र असते. त्यामुळे पत्रलेखकाची भावना मी समजू शकतो.

तरीही काही गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलेल्या ग्लॉक १७ या पिस्तुलाची मुख्यतः फ्रेम, म्हणजे मुठीसह खालचा सांगाडा, पॉलिमरची आहे. नळी, स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) आणि स्लाइड ज्यांवरून सरकते त्या पट्ट्या पोलादीच आहेत, म्हणून असे पिस्तूल धातुशोधकाला चकवते हा समजही खोटा आहे. रिकाम्या हाय-पॉवरचे वजन सुमारे ९०० ग्रॅम, तर ग्लॉकचे त्याहून पाव किलोपेक्षा अधिक कमी. मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीत, हाय-पॉवरला १३ काडतुसे, ग्लॉकला १७. खानापूरकडच्या पावसात ज्याने दिवसभर कमरेला हत्यार बाळगले आहे, त्याला गंज न धरणाऱ्या फ्रेमची किंमत सांगावी लागत नाही. नेमबाजीपुरते विचाराल तर माझे मत आजही पोलादाच्या बाजूने आहे, कारण जड पिस्तूल धक्का पचवते आणि दुसरी गोळी लवकर नेमावर येते.

खरी काळजी वेगळीच आहे, आणि तिचा फ्रेमच्या धातूशी संबंध नाही. हाय-पॉवरमध्ये मॅगझिन बाहेर काढले की चाप दाबूनही घोडा (मागची हातोडी) पडत नाही, आणि वर्षानुवर्षे ते हाताळलेल्या माणसाच्या हातात ‘मॅगझिन काढले, काम झाले’ ही सवय नकळत मुरते. ग्लॉकमध्ये तशी सोय नाही. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, काडतूस राहिले असेल, तर मॅगझिन काढून हातात घेतलेले असतानाही चाप दाबला की गोळी सुटते. शिवाय साफसफाईसाठी ते उघडताना चाप दाबावाच लागतो. अंगठ्याने लावायचा सेफ्टी कॅचही त्यावर नाही, कारण मुख्य सेफ्टी चापातच बसवली आहे. म्हणजे जुन्या हाताची सवय नेमकी इथेच दगा देऊ शकते.

आपल्या भागात भरतीपूर्व प्रशिक्षणाचे वर्ग पुष्कळदा माजी सैनिकच चालवतात आणि तिथली मुले हत्यारांविषयी हमखास विचारतात. त्यांना पोलाद श्रेष्ठ की पॉलिमर हे सांगण्याच्या भरात आपण हा फरक विसरू नये. आधी मॅगझिन काढावे, मग स्लाइड मागे ओढून धरावी, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहावे आणि अंधार असेल तर करंगळी घालून चाचपावे. तोवर बोट चापाबाहेर.

आपला,
एक निवृत्त सुभेदार,
कंग्राळी खुर्द, जि. बेळगाव