निळ्या अंड्यांच्या कोंबड्या

प्रिय शरद,

तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. परसात रंगीत अंडी देणाऱ्या कोंबड्या पाळायचं मनावर घेतलंस, मग उत्तर लिहायला कसला उशीर!

तू विचारतोस, खाद्य बदललं की अंड्याचा रंग बदलतो का? नाही रे. हिरवा पाला खाऊन बलक गर्द होईल, पण टरफलाचा रंग जातीचा. निळं अंडं देणारी कोंबडी जन्मभर निळंच देते. तेव्हा काय निवड करायची ती पिल्लं घेतानाच कर.

निळ्यासाठी अरौकाना नावाजलेली, मूळची चिलीतली. या निळाईमागची गोष्ट मला फार आवडते. फार पूर्वी एका विषाणूचा तुकडा कोंबडीच्या जनुकांत जाऊन बसला, त्यामुळे बिलिव्हर्डिन हे रंगद्रव्य टरफलात उतरू लागलं. संशोधकांना हे २०१३ साली उलगडलं. फोडलेलं निळं टरफल उलटून बघ, आतूनही निळंच दिसेल. तपकिरी अंडं मात्र आतून पांढरट असतं, कारण तपकिरी रंग मुख्यतः शेवटच्या काही तासांत वरून चढतो. मारान्स या गडद तपकिरी अंडी देणाऱ्या जातीचं नुकतंच घातलेलं, अजून ओलसर असलेलं अंडं अंगठ्याने घासलंस तर थोडा रंग पुसलाही जातो. आणि निळ्या वाणाचा मारान्सशी संकर केला की निळ्यावर तपकिरी चढून ऑलिव्ह हिरवं अंडं मिळतं!

माझं ऐकशील तर सुरुवात क्रीम लेगबार या जातीने कर. अंडी निळी, शिवाय पिल्लू अंड्यातून बाहेर पडताच नर-मादी कळते. मादीच्या पाठीवर गडद, ठसठशीत पट्टा असतो. नर फिकट, डोक्यावर पांढुरका ठिपका. परसात नरांची गर्दी नको असेल तर हे फार सोयीचं. मारान्सच्या चॉकलेटी अंड्यांचा लगेच हट्ट धरू नकोस. हंगाम पुढे सरकतो तसा त्यांचा रंग फिका होतो, पीस गळून नवं आलं की पुन्हा गडद होतो.

खुराड्याबद्दल एकच गोष्ट निक्षून सांगतो: जाळी जाड तारेची, बारीक भोकांची घे आणि जमिनीत वीतभर पुर. रात्री शिकारी जनावर खालूनच उकरतं. बसायला दांडी, चार कोंबड्यांमागे अंडी घालायला एक खोकं, एवढं पुरे.

अंडी देणाऱ्यांचं खाद्य पिल्लांना देऊ नकोस. त्यातल्या जादा कॅल्शियमने त्यांचं मूत्रपिंड बिघडतं. तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, अंड्यावर आल्या की शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेव, त्या हवा तेवढा टिपतात. एका टरफलाला दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं, ते कमी पडलं तर टरफलं पातळ होतात. दिवस लहान झाले की अंडी कमी होतील, घाबरू नकोस. त्यांना रोज १४ ते १६ तास उजेड लागतो. अंडी लगेच धुऊ नकोस, वरचा नैसर्गिक लेप निघून जातो. माती लागली असेल तर कोरड्या फडक्याने पूस.

आता कळव, जागा किती आहे आणि ऊन कुठून येतं. तुझ्या परसाचा नकाशा पाठव, खुराड्याचं माप मी काढून देतो. पिल्लं त्याआधी आणू नकोस.

तुझाच,
विनय