कपाटातली पुस्तके मुलांच्या हाती द्या

महोदय,

मुले वाचत नाहीत, ही तक्रार सगळीकडून ऐकू येते. पण अनेक शाळांत पुस्तके कुलूपबंद कपाटात असतात आणि फाटतील या धास्तीने बाहेरच येत नाहीत. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला पहिलाच नियम आहे : पुस्तके वापरासाठी आहेत. फाटलेले पान चिकटवता येते.

मी प्राथमिकच्या वर्गांना शिकवते. रोज शेवटची दहा मिनिटे गोष्ट मोठ्याने वाचते आणि ती ऐन रंगात आली की पुस्तक मिटून खिडकीत ठेवते. मधल्या सुट्टीत तिथे तीन-चार डोकी एकत्र झुकलेली दिसतात. जोडाक्षरावर अडखळणारी, एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी एक मुलगी ओळीखाली बोट सरकवत पुढे काय झाले ते स्वतः शोधत होती, तेव्हा मला भरून आले. जुन्या वर्तमानपत्रांतले मथळे कापून बातम्यांशी त्यांच्या जोड्या लावायला देते, तोही खेळ मुलांना आवडतो. त्याला कात्रीशिवाय काही लागत नाही.

एक कळकळीची विनंती आहे. वाचनामागे लगेच प्रश्नोत्तरे, सारांश, गुण असे काही लावू नका. न आवडलेले पुस्तक अर्ध्यावर सोडायची मुभाही मुलांना हवी. आणि मुले वाचत असताना शिक्षकांनी वह्या तपासू नयेत, आपणही पुस्तक उघडून बसावे.

– एक शिक्षिका