खाऱ्या वाऱ्यात टिकलेला गिअर

महोदय,

मी हर्णैला राहते आणि सायकलने आसूदमार्गे दापोलीला शाळेत शिकवायला जाते. आधीच्या सायकलीचे उघडे गिअर खाऱ्या वाऱ्याने दोन पावसाळ्यांत गंजले. मग मागच्या चाकाला ३ गिअरचा हब, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारा बंद डबा, बसवला. सगळी दातेरी चक्रं हबच्या पोटात, तेलात. वाळू-पाणी सहसा आत जात नाही. पहिल्या गिअरला चाक मधल्याच्या पाऊणपट फिरतं, म्हणून चढ झेपतो. आसूदच्या चढावर समोरून एसटी आली की थांबावंच लागतं. तिथे उभ्या उभ्या गिअर बदलता येतो, हे सुख मोठं!

गेल्या श्रावणात मात्र दुकानात पंक्चर काढताना गिअरची केबल सैल राहिली. या केबलला जोडलेली, चाकाच्या एक्सलमधून (आसातून) बाहेर येणारी छोटी नाजूक साखळी नीट ताणलेली नसेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या मधे पायडल रिकामंच फिरतं. भर उतारावर माझा पाय सटकला, गुडघा फुटला. दुकानदाराचा दोष नाही, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. केबलचा स्क्रू दोन फेरे फिरवला की काम होतं, हे मी स्वतः शोधून काढलं.

किनाऱ्यावरच्या आयटीआयमध्ये या हबची दुरुस्ती शिकवावी, ही कळकळीची विनंती.

– एक शिक्षिका, हर्णै