सुट्या भागांचा रकाना कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छोट्या देशांच्या हवाई दलांना आपण आपलं बेंगळुरूत बनणारं ‘ध्रुव’ हेलिकॉप्टर कसं विकू शकतो, यावरचा कालच्या अंकातला लेख वाचला. लेखकांनी मेहनत घेतली आहे यात शंका नाही. तक्ताही सविस्तर आहे: वेग किती, उंची किती गाठतं, माणसं किती बसतात, किंमत काय. पण सुटा भाग मागवला तर तो किती दिवसांनी हातात पडतो, याचा रकाना त्यात नाही. तिथल्या तंत्रज्ञांना तयार करायला किती काळ लागतो, त्याचाही नाही. वायुसेनेत हेलिकॉप्टरच्या देखभालीत उमेदीची वर्षं घातलेल्या माणसाला असा तक्ता बघून संताप येतो, आणि तो मी लपवणार नाही.

दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोरचा विषय लेखात दोन ओळींत उरकला आहे आणि खापर तिथल्या वैमानिकांवर फोडलं आहे. हे खरं नाही, निदान पूर्ण खरं नाही. सात ध्रुव त्यांनी घेतली, त्यातली चार पडली. त्यांच्याच सरकारने सांगितलं की दोन अपघात माणसांच्या चुकीने झाले आणि दोन यांत्रिक बिघाडाने. पहिलं पडलं ऑक्टोबर २००९ मध्ये, राजधानी क्विटोत हवाई दलाच्या संचलनाच्या वेळी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. २०१५ च्या जानेवारीत एकाच महिन्यात दोन पडली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये करार रद्द झाला आणि उरलेली तीन जमिनीवर बसवून विकायला काढली गेली. भाग वेळेवर मिळत नाहीत ही त्यांची तक्रार होती. वॉरंटी संपल्यावर देखभाल त्यांचीच माणसं करत होती, असं आपल्याकडून उत्तर गेलं. माझं दुखणं नेमकं इथे आहे. कुठे बेंगळुरू, कुठे क्विटो! नवं मशीन, नवा देश, आणि वॉरंटी संपली की तुमचं तुम्ही बघा?

मोठ्या दलात एक मशीन बंद पडलं तर दुसरं उडतं. सातांच्या ताफ्यात एक मोठ्या इन्स्पेक्शनला गेलं, एक भागासाठी अडकलं, एकाच्या एखाद्या घटकाचे ठरलेले उड्डाणाचे तास संपून तो ओव्हरहॉलला गेला, की उरली चारच. मग त्याच चारांवर सगळ्या फेऱ्यांचा भार येतो आणि त्यांचेही तास भराभर संपतात.

सुट्या भागासाठी अडकणं म्हणजे काय, हे मी अनुभवलं आहे. उत्तरेतल्या एका उंचावरच्या डिटॅचमेंटवर आमच्याकडे दोन चीता, म्हणजे लहान हलकी हेलिकॉप्टरं, होती. एका सकाळी इन्स्पेक्शनमध्ये एकाच्या टेल गिअरबॉक्सखाली (शेपटाकडचा पंखा फिरवणारा गिअरबॉक्स) तेलाचा ओघळ दिसला. सील गेलं होतं. ते सील म्हणजे तळहातावर मावणारी रबराची कडी. फॉर्म ७०० मध्ये, म्हणजे मशीनच्या देखभालीच्या नोंदीत, ते अनसर्व्हिसेबल (उडण्यास अयोग्य) लिहिलं आणि नव्या सीलसाठी इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, पाठवलं. उत्तर आलं, स्टॉक निल. पुन्हा पाठवलं. अखेर पाकीट आलं. पार्ट नंबर बरोबर होता, पाकीट सीलबंद होतं, पण त्यावर छापलेली रबराची मुदत संपून गेलेली. असं सील बसवून कोणी सही करत नाही. मी केली नाही.

दुसरं मशीन तेव्हा इन्स्पेक्शनसाठी उघडलेलं होतं. त्याचा अख्खा टेल गिअरबॉक्स काढून पहिल्याला लावायचं ठरलं. एका कडीपायी दोन मशीनवर काम. एकाचं काढा, दुसऱ्याचं काढा, बसवा, टॉर्क तपासा, बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून सेफ्टी वायर घाला, ग्राउंड रन, मग टेस्ट फ्लाइट. थंडीत बोटं वळत नाहीत, आणि हातमोजे घालून सेफ्टी वायर पिळता येत नाही. हे चाललेलं असताना वरच्या चौकीवरून निरोप आला की एका जवानाच्या छातीत पाणी झालंय. आमच्याकडे उडण्याजोगं एकही मशीन नव्हतं. त्याच्या साथीदारांनी त्याला स्ट्रेचरवर घालून बर्फातून खाली आणलं. तो वाचला. पण त्यातला एक नाईक नंतर आमच्या शेडमध्ये आला आणि त्याने विचारलं, “सर, हेलिकॉप्टर समोर उभं दिसत होतं, मग आलं का नाही?” मी त्याला रबराची ती कडी दाखवली. तो काहीच बोलला नाही. मलाही पुढे बोलवेना.

आणि ही अवस्था कुठे? ज्या देशात चीता लायसन्सवर बनलं, जिथे स्वतःचे डेपो आहेत, तिथे. मग समुद्रापलीकडच्या देशाच्या तंत्रज्ञाने कोणाकडे बघायचं?

श्रीमंत देशही यातून सुटलेले नाहीत. नॉर्वेने २००१ मध्ये एनएच-९० जातीची १४ हेलिकॉप्टरं मागवली. वर्षाला ३,९०० तास उड्डाणाची गरज होती, मिळत होते सरासरी ७००. जून २०२२ मध्ये त्यांनी करार मोडला आणि हेलिकॉप्टरं परत घ्या, पैसे द्या म्हणून सांगितलं. न्यूझीलंडने हीच जात घेताना नऊ घेतली, उडवायला आठ आणि नववं सुट्या भागांसाठी. आयर्लंडचं हवाई दल तर अगदी लहान, पण त्यांनी अलूएट-३, म्हणजे आपल्या चेतक हेलिकॉप्टरचंच फ्रेंच मूळ रूप, १९६३ पासून २००७ पर्यंत उडवलं. साधं मशीन, मोजका ताफा आणि त्याची नस ओळखणारी माणसं.

मालदीवचा उल्लेख लेखात अभिमानाने केला आहे. अभिमान मलाही आहे. त्या दोन ध्रुवांनी बेटाबेटांवरून रुग्ण उचलले. पण ती उडवत होती आपली माणसं आणि सांभाळतही होती आपलीच माणसं. १० मे २०२४ पर्यंत आपले सैनिक परत आले, त्यांच्या जागी आपलेच नागरी तंत्रज्ञ गेले, आणि त्यानंतर त्यांच्या संरक्षणमंत्र्यांनीच सांगितलं की ही विमानं उडवू शकतील असे वैमानिक आमच्याकडे नाहीत. इतक्या वर्षांत त्यांचे वैमानिक तयार झाले नसतील तर ती आपलीही हार आहे. खाऱ्या वाऱ्यात हेलिकॉप्टर सांभाळणं सोपं नसतं. उड्डाणानंतर गोड्या पाण्याने धुवावं लागतं, इंजिनाचा कॉम्प्रेसर वॉश करावा लागतो, सांधे न् सांधे बघावे लागतात. हे पुस्तकातून येत नाही, वर्षानुवर्षं शेजारी उभं राहून शिकवावं लागतं.

जानेवारी २०२५ मध्ये पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव पडलं, तिघे गेले. तपासात स्वॉशप्लेट, म्हणजे पात्यांचा कोन बदलणारी तबकडी, तुटल्याचं निघालं आणि तीनशेच्या वरचा अख्खा ताफा महिनोन्‌महिने बसवून ठेवला. तो निर्णय बरोबरच होता. आपल्याकडे तेवढ्या काळात काम भागवायला दुसरी मशीन होती. ज्या देशाकडे एकूण दोनच हेलिकॉप्टरं आहेत, त्याने त्या महिन्यांत रुग्ण कशातून न्यायचे? ध्रुव चांगलं मशीन आहे, सियाचीनने ते दाखवलं आहे, आणि म्हणूनच मला वाटतं की विकताना किमतीतच पाच-सात वर्षांचे सुटे भाग, त्याच देशात ठेवलेला साठा आणि आपल्या शाळांत तयार केलेले त्यांचे तंत्रज्ञ धरावेत. किंमत वाढेल. एखादं टेंडर हातचं जाईल. जाऊ दे.

जाता जाता आणखी एक. लेखासोबत ‘ध्रुव’ म्हणून जो फोटो छापला आहे, तो चेतकचा आहे. तीन पाती आणि पुढे एक, मागे दोन चाकं स्पष्ट दिसतात. ध्रुवला चार पाती असतात. फोटोत मशीनखाली वाकलेले दोन तंत्रज्ञ दिसत आहेत, फोटोखालच्या ओळीत मात्र फक्त वैमानिकांचा गौरव आहे. कृपया दुरुस्ती छापावी, आणि त्या दोघांचाही त्यात उल्लेख करावा.

आपला,
वायुसेनेतील एक निवृत्त वॉरंट ऑफिसर, नाशिक रोड